शाओशान : माओच्या जन्मगावी पहिल्यांदा जाताना

चीनच्या हुनान प्रांतात, डोंगरांच्या बेचक्यात भाताची खाचरं असलेलं शाओशानचोंग हे गाव आहे. 26 डिसेंबर 1893 रोजी माओ त्से-तुंगचा जन्म इथल्या मातीच्या विटांच्या एका घरात झाला. आज आजूबाजूच्या भागासह शाओशान हे छोटं शहर म्हणून ओळखलं जातं, आणि चीनमधून रोज हजारो माणसं इथे येतात. शाळेची सहल, कंपनीची सहल, कम्युनिस्ट पक्षाच्या शाखेची सहल, निवृत्त मंडळींची बस, सगळं एकाच रांगेत. परदेशी पाहुणे त्या मानाने कमी, आणि भारतीय तर फारच कमी. त्यामुळे मराठीतून विचारणाऱ्यांना नेमकी माहिती मिळत नाही. ती इथे क्रमाने देतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. नुसतं शाओशान पाहून परत आलात तर अर्धंच पाहिलंत असं मी म्हणेन. उरलेलं अर्धं तिथून तीसेक किलोमीटरवर आहे. त्याकडे शेवटी येऊ, पण दिवसाचं नियोजन करताना ते डोक्यात असू द्या.

पायरी 1 : कधी जायचं, त्याआधी कधी जायचं नाही

1 ते 7 ऑक्टोबर हा राष्ट्रीय दिनाचा आठवडा, 1 मेच्या सुट्ट्या आणि चिनी नववर्ष, हे तिन्ही काळ टाळा. या दिवसांत जन्मघराच्या रांगेत काही तास जातात आणि आत काही मिनिटंच मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये हुनानचा उन्हाळा पस्तिशीच्या वर जातो, हवा दमट असते, आणि शाळांना सुट्टी असल्याने गर्दीही असते. एप्रिल-मे हिरवागार पण पावसाचा. मला विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर सगळ्यांत बरा. तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी.

अपवाद एकच, 26 डिसेंबर. गर्दीच बघायची असेल तर त्या दिवशी जा. आदल्या रात्रीपासून लोक पुतळ्याच्या चौकात जमतात, गाणी म्हणतात, आणि वाढदिवसाच्या दीर्घायुष्याच्या शेवया खातात. हुनानची थंडी आकड्यांत फार वाटत नाही, पण ओली असते आणि हाडांत शिरते. स्वेटरवर भागेल असं समजू नका.

पायरी 2 : व्हिसा, तिकीट आणि फोन

व्हिसासाठी मुंबईत चिनी व्हिसा अर्ज केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण, बँकेचे कागद जोडायचे. प्रवासाच्या बेतात "शाओशान" असं लिहायला काहीच हरकत नाही, ते देशांतर्गत पर्यटनाचं मोठं ठिकाण आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तीही कोलकाता-ग्वांगचौ मार्गाने. आपल्या दृष्टीने हे सोयीचं, कारण ग्वांगचौहून हुनानची राजधानी चांगशा वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांवर आहे. दुसरा रस्ता हाँगकाँगचा : तिथल्या वेस्ट कौलून स्थानकातून थेट चांगशाची गाडी मिळते. मात्र हाँगकाँगमध्ये उतरायचं असेल तर भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती चिनी व्हिसापेक्षा वेगळी. हे विसरून विमानतळावर अडकणारे बरेच असतात.

फोनची तयारी घरीच करा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या साध्या इंटरनेटवर चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर बहुधा चालतात. पैसे देण्यासाठी अलीपे आणि वीचॅट ही दोन ॲप उतरवून घ्या आणि त्यांना आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्याआधी जोडा. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तो नंबर तिथे चालू असायला हवा. फळवालाही क्यूआर कोड पुढे करतो. रोख युआन चालतात, पण सुट्टे द्यायला कुणाकडे नसतात. एक युआन म्हणजे साधारण बारा रुपये हा हिशेब धरा.

पायरी 3 : मुक्काम चांगशात ठेवा

शाओशानमध्ये घरगुती निवास भरपूर आहेत, पण परदेशी पासपोर्टची पोलिसांकडे नोंद करणं लहान मालकांना कटकटीचं वाटतं आणि ते टाळाटाळ करतात. चांगशात हा प्रश्न येत नाही. शिवाय चांगशा हे या प्रवासाचंच एक प्रकरण आहे : माओ 1913 ते 1918 तिथल्या शिक्षक प्रशिक्षण विद्यालयात शिकला. गावातला मुलगा राजकारणात ओढला गेला तो या शहरात.

चांगशा दक्षिण स्थानकातून शाओशान दक्षिण स्थानकाला वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. हा मार्ग 2014 च्या शेवटी सुरू झाला. तिकीट रेल्वेच्या अधिकृत 12306 ॲपवर पासपोर्ट क्रमांकाने काढता येतं, आणि कागदी तिकीट लागत नाही. मात्र स्थानकातले स्वयंचलित दरवाजे चिनी ओळखपत्रासाठी आहेत, तेव्हा कर्मचारी बसलेल्या दरवाज्याकडे जाऊन पासपोर्ट दाखवा. सामानाची तपासणी होते, खिशातला चाकू ठेवून घेतात. गाडीच्या वेळेआधी चाळीस मिनिटं पोहोचा.

गावाजवळ एक जुनं शाओशान स्थानकही आहे, ते 1967 चं. सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे 1966 मध्ये माओने सुरू केलेल्या राजकीय उलथापालथीच्या काळात लाल रक्षक (माओचे कट्टर तरुण अनुयायी) लोंढ्यांनी इथे येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी खास रेल्वेचा फाटा टाकला गेला. एवढ्याशा गावाला एवढं मोठं स्थानक कसं, याचं उत्तर त्या एका वर्षात आहे.

पायरी 4 : गावात शिरताना

सकाळी सातच्या आसपासची गाडी धरा. शाओशान दक्षिणहून बस किंवा टॅक्सीने पर्यटकांच्या बस बदलण्याच्या केंद्रापर्यंत जायचं. गावाच्या गाभ्यात खासगी गाड्यांना मनाई आहे, म्हणून इथून पुढे पर्यटन परिसरातली बस घ्यावी लागते. तिचं तिकीट दिवसभर चालतं, टाकून देऊ नका.

स्थानकाबाहेर "चला, स्वस्तात सगळं दाखवतो" म्हणणारे भेटतील. बसपेक्षा त्यांच्याकडे स्वस्त काहीच नसतं. फिरवून शेवटी एखाद्या दुकानात किंवा खानावळीत नेऊन सोडतात.

जन्मघर आणि संग्रहालय दोन्ही विनामूल्य आहेत, पण नाव नोंदवावं लागतं आणि मूळ पासपोर्ट लागतो. झेरॉक्स चालत नाही. वीचॅटवरच्या नोंदणीत परदेशी पासपोर्टचा पर्याय अडला तर हॉटेलच्या स्वागत कक्षात मदत मागा. चांगशातल्या मंडळींना हे काम पाठ आहे.

पायरी 5 : आधी घर

बहुतेक सहली आधी पुतळ्याच्या चौकात जातात. तुम्ही उलट करा. सकाळी पहिल्यांदा घराच्या रांगेत उभे राहा, कारण उन्हं चढली की लोखंडी कठड्यांची ती दर्शनबारी वळणं घेत तळ्याच्या काठापर्यंत जाते.

घरासमोर कमळांचं तळं आहे, शेजारी आणखी एक. दुसऱ्या तळ्याकाठी ती खासगी शाळा, जिथे 1902 मध्ये आठ वर्षांचा माओ कन्फ्यूशियसची वचनं घोकायला बसला. घर पाहताना आधी एक गोष्ट ध्यानात घ्या : सगळी इमारत माओ कुटुंबाची नव्हती. एक बाजू त्यांची, दुसरी शेजाऱ्यांची, आणि मधला दिवाणखाना दोघांचा सामाईक. माओंच्या वाट्याला तेराएक खोल्या.

तेरा खोल्या! आत शिरल्यावर मार्गदर्शक "गरीब शेतकऱ्याचं घर" म्हणेल, तेव्हा खोल्या मोजा. भात कांडायची खोली, धान्याचं कोठार, गोठा, डुकरांची जागा. माओचा बाप माओ यीचांग कर्जात बुडालेल्या घरातून निघाला, सैन्यात गेला, पैसे साठवून जमीन सोडवून घेतली आणि पुढे धान्याचा व्यापार केला. भरभराटीच्या काळात त्याच्याकडे 22 मू जमीन होती, म्हणजे आपल्या हिशेबात साडेतीन एकरांच्या आसपास. त्या मुलखात, त्या काळात, हा माणूस गावातल्या सधनांपैकी होता. बापलेकाचं पटत नव्हतं आणि जमाखर्चावरून, कामावरून भांडणं होत, हे माओनेच पुढे सांगितलं आहे. आई वेन ची-मेई बौद्ध, हळवी, चोरून तांदूळ देणारी. ती 1919 मध्ये गेली, बाप त्यानंतर काही महिन्यांत.

स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ थांबा. 1921 च्या सुरुवातीला माओने भावंडांना इथे बसवून सांगितलं, घर सोडा, क्रांतीला या. ती मंडळी खरोखर निघाली. पुढे काय झालं ते ऐका : बायको यांग खाय-हुईला 1930 मध्ये मृत्युदंड, दत्तक बहीण माओ त्से-च्यानला 1929 मध्ये, भाऊ त्से-थान 1935 मध्ये लढताना मारला गेला, भाऊ त्से-मिनला 1943 मध्ये शिनच्यांगमध्ये मारलं, पुतण्या छू-श्योंग 1946 मध्ये, आणि थोरला मुलगा आन-यिंग 1950 मध्ये कोरियात अमेरिकी बॉम्बहल्ल्यात. एकाच घरातली सहा माणसं. बाहेर मूर्ती विकणाऱ्यांचा गोंगाट आणि आत ही यादी, या दोन्हींचा मेळ घालणं जमत नाही. घालायचा प्रयत्नही करू नका.

माओच्या झोपायच्या खोलीवर एक माळा आहे. 1925 च्या उन्हाळ्यात गावातली कम्युनिस्ट पक्षाची शाखा तिथे स्थापन झाली. पुढे राष्ट्रवादी सरकारने 1929 मध्ये घर जप्त केलं, त्याची मोडतोड झाली, आणि 1950 मध्ये ते पुन्हा उभारलं गेलं. तेव्हा भिंती बघून भारावून जाण्याआधी हे लक्षात ठेवा की बरंच काही नंतरचं आहे. दारावरची पाटी माओनंतर देशाचा सर्वोच्च नेता झालेल्या तंग श्याओ-फिंगच्या हस्ताक्षरातली, 1983 ची. ज्याला माओने दोनदा पदावरून खाली खेचलं, त्याच्याच अक्षरातली.

आत फोटो काढू देत नाहीत. थांबूही देत नाहीत, मागून रांग ढकलते. म्हणून काय बघायचं ते आधी ठरवून जा : चूल, माळा, कोठार.

पायरी 6 : पुतळ्याचा चौक

20 डिसेंबर 1993 रोजी, जन्मशताब्दीच्या तोंडावर, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष च्यांग त्से-मिन यांनी या ब्राँझच्या पुतळ्याचं अनावरण केलं. पुतळा सहा मीटरचा, चौथऱ्यासकट 10.1 मीटर, म्हणजे 1 ऑक्टोबर या राष्ट्रीय दिनाची खूण. हातात कागद, जणू प्रजासत्ताकाची घोषणा वाचायला निघालेला.

इथला विधी असा : गट फुलांची टोपली घेतो, पायऱ्यांशी ठेवतो, तीन वेळा कमरेतून वाकतो आणि पुतळ्याला प्रदक्षिणा घालतो. काहीजण मनातल्या मनात नवसही बोलतात. परीक्षा, धंदा, तब्येत. अनावरणाच्या वेळी थंडीत फुलं उमलली, सूर्य आणि चंद्र एकदम दिसले, पुतळा आणणारा ट्रक वाटेत अडून बसला, अशा कथा तुम्हाला हमखास ऐकवल्या जातील. ऐकून घ्या. नास्तिक पक्षाच्या संस्थापकाचा देव कसा होतो याचा इतका उघड नमुना दुसरीकडे मिळणं कठीण.

तुम्ही वाकलंच पाहिजे असं नाही. बाजूला शांत उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. मात्र पुतळ्यासमोर विनोदी हावभाव करून फोटो काढू नका. "सिद्ध केलेली" मूर्ती म्हणून भलत्या किमतीला जे विकलं जातं ते न घेतलेलंच बरं. बिल्ला किंवा छोटा पितळी पुतळा हवा असेल तर दोन-चार दुकानांत विचारा, भाव निम्म्यावर येतो.

पायरी 7 : संग्रहालय, आणि त्यात काय नाही

चौकाजवळचं संग्रहालय 1964 चं. जीवनचरित्राचा भाग मोठा आणि ठरावीक आहे, झपाट्याने पाहिलात तरी चालेल. वेळ द्या तो वापरातल्या वस्तूंच्या दालनाला. 73 ठिगळांचा झोपायचा अंगरखा, घरखर्चाच्या वह्या, पुस्तकं. साधेपणा दाखवायला मांडलेल्या वस्तू आहेत, तरी त्या खऱ्या आहेत.

आता नसलेलं. 1958 च्या 'मोठ्या झेपे'नंतर, म्हणजे शेती आणि उद्योगाचं उत्पादन सक्तीने झटपट वाढवण्याच्या माओच्या मोहिमेनंतर, आलेल्या दुष्काळात कोट्यवधी लोक मेले. अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या मृत्यूंसाठी इथे दालन नाही. सांस्कृतिक क्रांतीही ओझरती. पक्षाची अधिकृत भूमिका 1981 च्या ठरावातली आहे : माओचं कर्तृत्व मुख्य, चुका दुय्यम, सांस्कृतिक क्रांती ही गंभीर चूक. मार्गदर्शक त्या चौकटीतच बोलणार. त्याला अडचणीत आणणारे प्रश्न चारचौघांत विचारू नका, नोकरी त्याची जाते, तुमची नाही.

पायरी 8 : दुपारी दीश्वेदोंग

नावात गुहा आहे, पण हा आहे झाडीत दडलेला बंगला. परिसरातल्या बसने जाता येतं, तिकीट वेगळं. माओ जून 1959 मध्ये बत्तीस वर्षांनी गावी आला, आईबापांच्या थडग्यावर पाइनच्या डहाळ्या ठेवल्या, गावच्या जलाशयात पोहला, आणि म्हातारपणी राहायला इथे एखादी झोपडी असावी असं बोलून गेला. त्या 'झोपडी'चा हा बंगला झाला, भूमिगत आसऱ्यासकट. तो इथे राहिला तो जून 1966 मध्ये, अकरा दिवस, सांस्कृतिक क्रांती पेटत असताना. खोल्या रिकाम्या, फर्निचर जाड, बाहेर रातकिड्यांचा आवाज. इथे गर्दी विरळ असते आणि दिवसभरात पहिल्यांदा डोकं शांत होतं.

पायांत दम असेल तर जवळच डोंगरावर माओच्या आजोबांचं थडगं आहे. तिथली जागा शुभ होती म्हणून नातू राजा झाला, असं फेंगश्वेई (जागेच्या शुभाशुभाचं चिनी शास्त्र) मानणारे पायऱ्या चढताना सांगतात.

पायरी 9 : जेवण

गावभर 'माओ घराण्याच्या' खानावळी आहेत. सगळ्यांच्या पाटीवर एकच पदार्थ पहिला : माओ पद्धतीचं लाल डुकराचं मांस. चरबीचे चौकोनी तुकडे, साखर करपवून आणलेला रंग. डुक्कर चालत असेल तर हे खाच. नसेल तर धुरी दिलेले बारीक मासे मिरचीबरोबर मागवा. हुनानची मिरची आपल्या कोल्हापूरकरांनाही मान द्यायला लावते.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. भाजी म्हणून आलेल्या पानांत डुकराची चरबी किंवा मांसाचा चुरा असतोच. "मी मांस, मासे, अंडी आणि प्राण्यांची चरबी खात नाही" हे वाक्य चिनी लिपीत फोनवर ठेवा आणि आचाऱ्याला दाखवा. परतलेलं वांगं, बटाट्याचे बारीक काप, टोफू आणि भात एवढं मिळतं. जैन जेवण मिळणार नाही, चिवडा-थेपले सोबत ठेवा. उकळलेलं पाणी सगळीकडे फुकट असतं, थर्मास न्या.

पायरी 10 : परतीच्या वाटेवर ह्वामिंगलौ

दुपारी अडीचच्या आत शाओशान सोडा आणि अलीपेमधून दीदी टॅक्सी बोलवा. पाऊण तासात ह्वामिंगलौ येतं. ल्यू शाओ-छी 1898 मध्ये इथे जन्मला. माओनंतर देशाचा अध्यक्ष झालेला हा शेजारच्या तालुक्याचा माणूस. तेच मातीचं घर, तेच तळं, तोच पुतळा. गर्दी मात्र निम्मीही नाही.

1961 च्या वसंतात ल्यू हुनानच्या खेड्यांत 44 दिवस फिरला आणि आपल्या गावीही आला. लोक उपाशी होते. पुढच्या जानेवारीत, सात हजार कार्यकर्त्यांच्या बैठकीत, त्याने हुनानच्या शेतकऱ्यांचंच म्हणणं सांगितलं : तीन हिस्से निसर्गाचा कोप, सात हिस्से माणसाने केलेलं. त्याची किंमत सांस्कृतिक क्रांतीत वसूल झाली. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला घरात डांबून जाहीर छळलं गेलं, पक्षातून काढलं. नोव्हेंबर 1969 मध्ये काइफंगच्या बंदिवासात तो मेला आणि खोट्या नावाने त्याचं दहन झालं. 1980 मध्ये पक्षाने त्याला निर्दोष ठरवलं. हे सगळं इथल्या संग्रहालयात सावधपणे का होईना, मांडलेलं आहे. तो वापरत असलेलं इल्युशिन विमानही आवारात उभं आहे.

आणखी एक दिवस असेल तर वूशी गाव जोडा, मार्शल फंग दहुआईचं. तोही माओच्याच जिल्ह्यातला. जुलै 1959 मध्ये, माओ शाओशानहून लूशानला पक्षाच्या बैठकीला गेला त्याच महिन्यात, फंगने मोठ्या झेपेवर टीका करणारं पत्र त्याला लिहिलं आणि संरक्षणमंत्रिपद गमावलं. तीन घरं, एकाच मातीची, एका दिवसाच्या गाडीच्या अंतरात. चिनी सहल कंपन्या हा त्रिकोण एकत्र विकतातही, पण वूशी आणि ह्वामिंगलौला अर्धा-अर्धा तास देतात. म्हणून स्वतः टॅक्सी करा.

ह्वामिंगलौहून चांगशा तासाभरावर आहे. गाडीतच कुणी "कुठले तुम्ही?" असं विचारलं, तर भारत म्हणून झाल्यावर "ख दी-हुआ" हे नाव घेऊन बघा. हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. 1939 मध्ये येनानला, म्हणजे तेव्हाच्या कम्युनिस्टांच्या तळावर, माओला भेटलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात ते होते, आणि डिसेंबर 1942 मध्ये हपई प्रांतात काम करतानाच वारले. वयस्क चिनी माणसांना हे नाव अजून माहीत असतं. त्यांची स्मारकं शाओशानच्या बाजूला नाहीत, उत्तरेला हपईत आहेत, तो प्रवास वेगळा.

संध्याकाळी पाय उरले असतील तर चांगशा मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गिकेने श्यांग नदीतल्या संत्र्यांच्या बेटावर उतरा. दक्षिण टोकाला तरुण माओचा 32 मीटर उंच अर्धपुतळा आहे, केस वाऱ्यावर उडणारा, 2009 मध्ये पुरा झालेला. बेट लांबलचक आहे, स्थानकापासून टोकापर्यंत चालायला बराच वेळ लागतो, आणि परतीची शेवटची छोटी गाडी चुकली तर तेवढंच उलटं चालावं लागतं. उतरल्यावर आधी तिची वेळ विचारून घ्या.